संपाला नोटीस, हेराला मोकळीक

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्यात संप झाला की फाटकावर पोलिसांचा पहारा बसतो. तो सर्वांना दिसतो. दुसरा पहारा बसवायचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर असते आणि तो कोणालाच दिसत नाही. युनियनच्या सभांना कोण जातो, चिटणीस कोणाच्या घरी बसतो, वर्गणी कोण गोळा करतो, याची टिपणे करणारा हा पगारी हेर असतो. खाजगी गुप्तहेर संस्था कारखानदारांना ज्या सेवा देऊ करतात, त्यांत कामगार संघटनांच्या हालचालींवर नजर ठेवणे आणि कामगाराच्या वेषात आपला माणूस कारखान्यात पेरणे यांचा उल्लेख उघडपणे असतो. लाजण्यासारखे काही आहे, असे विकणाऱ्यालाही वाटत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.

आता कायद्याचा न्याय पाहावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने कोणत्याही कारखान्यातील संपासाठी किमान १४ दिवसांची नोटीस सक्तीची केली आहे. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली, तरी तो संपच मानला जातो. बेकायदा संपाला दंड आहे, तुरुंगवासही आहे. कामगाराने आपले पाऊल आधी जाहीर करावे, पदाधिकाऱ्यांची नावे सरकारदरबारी नोंदवावीत, हिशेब सादर करावा. मालकाने हेर नेमला तर त्याची नोटीस कोणाला द्यावी लागते? कोणालाच नाही.

महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात मालकांच्या अनुचित कामगार प्रथांची यादी केली. युनियनमध्ये गेल्यास कामावरून काढण्याची धमकी, मालकधार्जिणी युनियन उभी करणे, कायदेशीर संपावरून परतणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र लिहून घेणे, हे सारे तीत आहे. पाळतीचा मात्र उल्लेखही नाही. फाटकावरच्या सुरक्षारक्षकासाठी राज्याने १९८१ साली कायदा केला. सुरक्षा संस्थांच्या परवान्यासाठी केंद्राने २००५ साली केला. गुप्तहेर संस्थांसाठीचे विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झालाच नाही. फाटकावर उघड उभा राहणारा नियमांत बांधला गेला, लपून फिरणारा मोकळा राहिला. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला तोट्यापासून वाचवण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्याची वाट ठेवली. संपाने मालकाचा तोटा होतोच. मग या वाटेने कोण आत शिरेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

मालकपक्ष म्हणेल, यंत्रांची मोडतोड झाली, निष्ठावंत कामगाराला मारहाण झाली, तर काय करायचे? गुन्हा घडला तर पोलीस आहेत, न्यायालय आहे. मालमत्तेच्या रक्षणासाठी फाटकावर रक्षक ठेवायला कोणी हरकत घेतलेली नाही. परंतु चिटणिसाच्या घरी रात्री कोण आले, ही नोंद कोणत्या यंत्राचे रक्षण करते?

१९२८ साली मुंबईचा गिरणी संप सहा महिने चालला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे पकडले गेले. पोलिसांनी टिपून घेतलेली भाषणे त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून आली. ते राज्य परक्यांचे होते, खटला अन्यायाचा होता. तरी टिपणे न्यायालयात मांडावी लागली आणि आरोपींना उत्तर देता आले. खाजगी हेराचा अहवाल न्यायालयाचे तोंड पाहत नाही. तो बदलीच्या हुकमातून, निलंबनाच्या पत्रातून, कंत्राटी कामगाराला ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणणाऱ्या मुकादमाच्या तोंडून बाहेर पडतो. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या पोराला आपण कशामुळे गेलो, हे कधी कळतच नाही.

त्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. आपल्यात एक हेर आहे एवढी कुजबुज पसरली, की शंभर कामगार एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. मालकाने पैसे मोजलेले असतात ते बहुधा याच पिकासाठी.

भांडवलशाहीच्या माहेरघरी, अमेरिकेत, सिनेटच्या ला फॉलेट समितीने हा धंदा उजेडात आणला. जानेवारी १९३४ ते जुलै १९३६ या काळात एकट्या जनरल मोटर्सने गुप्तहेर संस्थांवर सुमारे १० लाख डॉलर खर्च केले होते. हेर युनियनच्या पदांपर्यंत पोचले होते. तरीही फ्लिंटच्या कामगारांनी कारखान्यातच ठाण मांडले आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये कंपनीला युनियनशी करार करणे भाग पडले. त्या देशात संघटनेवरील पाळत अनुचित प्रथा मानली गेली. कामगार तंट्यात कामगारांची माहिती काढण्यावर केलेला खर्च सरकारला कळवण्याचे बंधन १९५९ च्या कायद्याने मालकावर घातले.

अमेरिकेच्या भांडवलदाराला जे सोसते ते नाशिकच्या कारखानदाराला का सोसू नये? संघटनेवरील पाळत अनुचित प्रथांच्या यादीत स्पष्ट शब्दांत घाला. हेरगिरीवरील खर्च कामगार आयुक्तांकडे जाहीर करायला लावा. गुप्तहेर संस्थांना परवान्याखाली आणा. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, तेव्हा राज्य सरकारला दिल्लीकडे बोट दाखवून सुटता येणार नाही.

कायदा होईपर्यंत युनियनने आपले दार उघडे ठेवावे. सर्वांसमोर सभा, सर्वांसमोर हिशेब, हात वर करून निर्णय. जिथे लपवण्याजोगे काही उरत नाही, तिथे हेराला विकायलाही काही उरत नाही. चौदा दिवस आधी सांगून संपावर जाणाऱ्याला अंधाराची गरज नसते. अंधार कोणाला लागतो, हे नाशिकच्या कामगाराने सरकारला विचारलेच पाहिजे.