शालूला कात्री

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी आईने स्वतःच्या लग्नाच्या शालूला कात्री लावली. शालू तिचा, कात्री तिची, आणि तरी घरात दोन दिवस असं वातावरण होतं जणू कुणी बॅकअप न घेता प्रॉडक्शनचा डेटाबेस उडवलाय. (सॉफ्टवेअरवाल्यांनी समजून घ्यावं, बाकीच्यांनी सोडून द्यावं.) सगळ्यात जास्त आरडाओरडा मीच केला होता. आता मत बदललंय. का बदललं ते लिहून ठेवतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात असा एक शालू नक्की पडलेला असणार.

तर शालू १९८४ सालचा. बनारसी, डाळिंबी रंगाचा, अंगभर जरीच्या कुयऱ्या. आमच्याकडे रीत अशी की पिवळी अष्टपुत्री मामाकडून आणि शालू सासरकडून. म्हणजे हा शालू माझ्या आजीने, बाबांच्या आईने, लक्ष्मी रोडला दोन दिवस पायपीट करून सुनेसाठी निवडलेला. बाबांना जाऊन आता तीन वर्षं होतील. आई हल्ली एकेक कपाट आवरायला काढते आणि आवरता आवरता शांतपणे म्हणते, "माझ्यानंतर तुम्ही दोघं याचं काय करणार आहात, मला आत्ताच सांगा." यावर काय बोलायचं? आपण विषय बदलतो. मी पण बदलायचो.

पण शालू उलगडला आणि विषय बदलायची सोयच राहिली नाही. घडीवर घडी फाटला होता. फाटला म्हणजे कुठे अडकून नव्हे. जिथे जिथे घडी पडत होती तिथे तिथे सरळ रेषेत, पट्टी ठेवून ब्लेड फिरवावं तसा. आम्ही सगळे समजत होतो की तो कपाटात 'जपून' ठेवलाय. वीस-बावीस वर्षं तो त्याच घडीत, पॉलिथिनच्या पिशवीत, डांबरगोळ्यांच्या शेजारी होता. रेशमाचा धागा एकाच जागी वर्षानुवर्षं दुमडलेला राहिला की तिथे कमकुवत होतो, आणि वर जरीचं काम असेल तर धातूची ती चपटी तार घडीच्या जागी रेशमाला कापतच राहते. जुन्या खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळून वर सोन्याचं पाणी दिलेलं असायचं. नंतर तांब्याची जर आली, मग पॉलिएस्टरवरची चकाकी. आमच्या शालूची जर कुठली ते काळ्या पडलेल्या कुयऱ्यांनीच सांगितलं: तांब्याची. आजीला दुकानदाराने काय सांगितलं होतं देव जाणे. असो.

माझा पहिला मुद्दा हाच. 'तसाच राहू दे' असं आपण म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं आपण काहीच निर्णय घेतला नाही. पण तो निर्णयच असतो, आणि बहुतेक वेळा वाईट असतो. मलमलच्या कापडात गुंडाळायचं, वर्षातून दोनदा बाहेर काढून घडी बदलायची, उन्हात न घालता वारा द्यायचा, एवढं करणार असाल तर खुशाल अख्खा ठेवा. आपल्यापैकी किती जण करतात? आम्ही बॅकअप घेतो आणि तो कधी रिस्टोअर करून बघत नाही, त्यातलीच गत.

अमेरिकेतल्या ताईचा मात्र ठाम विरोध होता. व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अरे, वेडी आहे का आई? आपल्या घरातली एवढी एकच गोष्ट आहे. कापल्यावर काय राहणार?" मी तिच्या बाजूने. माझ्या बोलण्यात एक जुनं दुखणं होतं, तेही सांगतो.

दोनेक वर्षांपूर्वी आम्ही सासूबाईंचा शालू एका बुटीकमध्ये दिला होता. इंटरनेटवर सगळीकडे झळकतं ना, 'आईच्या साडीची आठवण' वगैरे, त्या उत्साहात. महिन्याभराने चार पर्स आणि दोन कुशन कव्हरं परत आली. पदर बरोबर मधोमध, एका मोठ्या कुयरीच्या पोटातून कापलेला. बाकीचं कापड कुठंय विचारलं तर, "कतरण राहत नाही सर." साडी साडेपाच मीटर. चार पर्स आणि दोन कव्हरांना दीड मीटर लागलं असेल, अगदी सढळ हाताने. उरलेले चार मीटर हवेत विरले? आम्ही देताना कापड मोजलं नव्हतं, फोटो काढला नव्हता, कुठे कापायचं ते खुणावलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "छान झालंय हो." आणि ती कव्हरं त्यांनी कपाटात ठेवून दिली. आजतागायत बाहेर आलेली नाहीत. या 'छान झालंय'चा अर्थ मला कळायला सहा महिने लागले.

म्हणून मी आईला म्हणालो, नको. पण आईचं म्हणणं वेगळंच होतं. "तुम्ही दुसऱ्याला दिलात. मी दुसऱ्याला कुठे देत्येय? मी स्वतः कापणार, स्वतः शिवणार. माझं दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आत्ता दिसतंय तोवर करू दे. आणि तुमच्या आजीने मला काय दाखवण्यासाठी शालू दिला होता का? नेसण्यासाठी दिला होता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

इथे परंपरेबद्दल थोडं बोलायला हवं, कारण या विषयावर कुणीही बोलायला लागलं की लगेच 'आपल्याकडे हे पूर्वापार होतंच' सुरू होतं. होतं, पण नीट बघा काय होतं. नऊवारी विटली की तिची गोधडी व्हायची. थर एकावर एक घालून धावदोऱ्याने पूर्ण शिवलेली. कोल्हापूरकडे वाकळ. मऊ झालेल्या सुती लुगड्याची बाळाची दुपटी, झबली, टोपरी. बऱ्यापैकी काठ असेल तर धाकट्या पोरीचं परकर-पोलकं. तेही नसेल तर बोहारणीकडे जाऊन स्टीलचं पातेलं. हे सगळं गरजेपोटी होतं, कापड महाग होतं म्हणून. कुणी डोळ्यात पाणी आणून गोधडी शिवत नव्हतं, थंडी वाजते म्हणून शिवत होतं. आणि लग्नाच्या शालूला सहसा कुणी हात लावत नसे. उलट तो शेवटी जरीसाठी विकला जायचा; जुन्या जरीच्या साड्या विकत घेऊन, जाळून चांदी काढणारे दारावर यायचे. आईच्या आत्याचा शालू असाच गेला. तेव्हा 'लग्नाची साडी कापून आठवण शिवणे' ही आपली प्राचीन प्रथा वगैरे नाही. नवी गोष्ट आहे, आणि नवी असली म्हणून बिघडत नाही. पण गोधडीकडून एक गोष्ट जरूर घ्यावी: ती वापरायची होती. रोज अंगावर घ्यायची होती.

त्यामुळे काचेच्या फ्रेममध्ये पदराचा चौकोन लावून दिवाणखान्यात टांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. एक तर उजेड हा रेशमाचा शत्रू. खिडकीसमोरच्या भिंतीवर पाच-सात वर्षांत रंग उडतो आणि धागा ठिसूळ होतो. दुसरं म्हणजे फ्रेमला कुणी हात लावत नाही. शालूच्या कापडाचे टेडी बेअर पण निघालेत म्हणे. त्यावर मी काही बोलत नाही, तुमचा शनिवार खराब करायचा नाही :)

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. हातमागावरची अस्सल पैठणी असेल, आणि ती धड असेल, तर कृपा करून कापू नका. तिचा पदर प्रत्येक रंगाचा धागा वेगळा गुंफून विणलेला असतो, म्हणून मोर असो की मुनिया, नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. एकेका पदरामागे विणकराचे महिने जातात. येवला-पैठणच्या पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. असली पैठणी कापून मोबाइलचं कव्हर करणं म्हणजे चालू गाडीचे सुटे भाग विकणं. ती नेसा. बायकोने, वहिनीने, मुलीने नेसा, गौरीला नेसवा. अमेरिकेत स्मिथसोनियन संग्रहालयात लग्नाचा एक पोशाख आहे, पॅराशूटचा शिवलेला. १९४४ साली विमानाच्या इंजिनला आग लागली म्हणून वैमानिकाने ज्या नायलॉनच्या पॅराशूटने उडी मारली, त्याचाच. १९४७ साली त्याच्या बायकोने तो लग्नात घातला, नंतर मुलीने, नंतर सुनेने. म्हणजे जे कापड आधीच एका जिवाचं काम करून आलं होतं ते कापून पोशाख शिवला, आणि पोशाख झाल्यावर मात्र तो अख्खा ठेवून तिघींनी घातला. मला हा हिशोब फार पटतो.

आमचा शालू नेसण्याच्या पलीकडे गेला होता. त्यामुळे कात्री.

आईने घाई केली नाही, हे सांगायला पाहिजे. आधी मला पूर्ण शालू पलंगावर पसरून फोटो काढायला लावले. दोन्ही काठ, पदर, आणि फाटलेल्या रेघा पण. मग फॉल उसवला. आणि फॉलच्या मागे जो रंग निघाला तो बघून आम्ही दोघं गप्प झालो. चाळीस वर्षं झाकलेला तो चार बोटांचा पट्टा अजून लख्ख डाळिंबी होता. बाकीचा शालू किती विटलाय हे त्याच्याशेजारी ठेवल्यावर कळलं. आई म्हणाली, "हा रंग होता बघ. तुझे बाबा म्हणाले होते, फार भडक आहे." हे बाबांचं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

खडूने खुणा केल्या त्या घड्यांच्या रेघा वगळून, मधल्या धड चौकोनांवर. एकूण साधारण अडीच मीटर कापड कामाचं निघालं. प्रत्येक तुकड्याच्या मागे मलमलचं अस्तर, कारण जुनं रेशीम एकटं टाका धरत नाही, टाक्यापाशीच फाटतं. मशीनला नऊ नंबरची सुई. काठ मात्र हातानेच; मशीनच्या दाबाने जर दबते असं तिचं म्हणणं. मला चिकटवायचं फ्यूजिंग सुचवायचं होतं, तिने इस्त्रीचा चटका जरीला दाखवायला साफ नकार दिला.

पहिली झाली ती कुंची. माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. आत मऊ सुती लुगड्याचं अस्तर, कारण जर बाळाला टोचते. हे अस्तर आजीच्या लुगड्याचं, तेही आईने कुठून तरी काढलं. दुसरा अंतरपाट. आमच्या घरात पुढचं लग्न कधी आणि कुणाचं होईल माहीत नाही, पण तो तयार आहे. मधोमध पदराचा अखंड तुकडा, भोवती काठ, आणि मागे एका कोपऱ्यात आईने साध्या दोऱ्याने शिवून लिहिलंय: आजीचं नाव, तिचं स्वतःचं नाव, १९८४. हा टॅग मला सगळ्यात आवडला. नाव नसलेली आठवण दुसऱ्या पिढीत नुसती चिंधी होते. सासूबाईंच्या पर्सवर बुटीकचा लोगो होता.

ताईला दुसऱ्या दिवशी कुंची घातलेल्या भाचीचा फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग मेसेज आला, "फॉलमागचा तो पट्टा कापलात का?" नव्हता कापला. "तो मला पाठवा. शिवू नका, तसाच पाठवा."

म्हणजे ताईचा मुद्दा होताच, आणि मला तो आता खोडावासाही वाटत नाही. एकाच घरात एकीला शिवलेलं हवं असतं आणि दुसरीला न शिवलेलं. कापायच्या आधी हे विचारायला हवं होतं, ते आम्ही विचारलं नाही. सासूबाईंना तर विचारलंच नव्हतं. बायकोने आणि मी मिळून त्यांना 'सरप्राइज' दिलं होतं. तुम्ही असं काही करणार असाल तर जिचा शालू तिच्याच हातात कात्री द्या. शिवता येत नसेल तर तिला खुर्ची टाकून शिंप्यासमोर बसवा आणि कुठे कापायचं ते तिला सांगू द्या. आणि ती नको म्हणाली तर नको.

पट्टा अजून पाठवलेला नाही. आई त्याला आधी मलमल शोधत्येय, शिवायला नाही, गुंडाळायला. उरलेल्या फाटक्या रेघांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. एका पिशवीत भरून शिलाई मशीनच्या खणात ठेवल्यात. काल बायको हळूच म्हणाली की तिच्या आईकडची ती दोन कव्हरं उसवून आणूया का. पुढच्या शनिवारी सासूबाईंकडे जेवायला जातोय. आधी विचारणार आहे.