विश्लेषण : रुबाब की सोय? नवी एसयूव्ही निवडताना काय तपासावे?

देशात २०२४-२५ या आर्थिक वर्षात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली. त्यातील जवळपास ६५ टक्के वाहने ‘युटिलिटी’ गटातील, म्हणजे मुख्यतः एसयूव्ही होती. या गटाचे नावच ‘उपयुक्तता’ सांगते. प्रत्यक्षात मात्र शोरूममध्ये अनेकदा रूपच निर्णय घडवते. पाच-सात वर्षे हप्ते फेडायचे असलेल्या कुटुंबासाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो.

एसयूव्हीचे रूप घेतले की नेमके काय मिळते?

मारुती सुझुकीची फ्राँक्स एप्रिल २०२३ मध्ये आली. ती बलेनो या हॅचबॅकच्याच सांगाड्यावर बेतलेली आहे. दोन्हींच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर २५२० मिमी आहे. १.२ लिटरचे पेट्रोल इंजिनही दोन्हींत मिळते. फ्राँक्सची डिकी ३०८ लिटरची, तर बलेनोची ३१८ लिटरची. म्हणजे दिसायला दणकट असलेल्या गाडीत सामानाची जागा किंचित कमीच आहे. जमिनीपासूनची उंची मात्र फ्राँक्समध्ये जास्त आहे. खड्डे आणि उंच गतिरोधक रोजचेच असतील, तर हा खरा फायदा. रस्ते बरे असतील, तर जास्तीचे पैसे बव्हंशी रूपासाठीच मोजले जातात.

‘चार मीटर’चा प्रश्न काय आहे?

गाडीचा आकार केवळ डिझायनर ठरवत नाही, करही ठरवतो. लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो. यापैकी एकही मर्यादा ओलांडली की दर थेट ४० टक्के होतो. विद्युत वाहनांना लांबी कितीही असली तरी पाच टक्के दर आहे. त्यामुळे अनेक छोट्या एसयूव्हींची लांबी ३९९० मिमीच्या आसपास थांबते. इंजिन आणि पुढचा भाग आखूड करायला मर्यादा असतात. मग काटछाट होते ती मागचे आसन आणि डिकी यांच्यात.

उतरत्या छताच्या गाड्या गैरसोयीच्याच असतात का?

सरसकट तसे म्हणता येत नाही. टाटा कर्व्ह आणि सिट्रोएन बसाल्ट या कूपे धाटणीच्या गाड्या २०२४ मध्ये आल्या. कर्व्हची डिकी ५०० लिटरची आहे, तर टाटाच्याच नेक्सॉनची ३८२ लिटरची. सामानाच्या बाबतीत कर्व्ह पुढे आहे. मात्र छत मागे उतरत गेल्याने उंच माणसाच्या डोक्यावरची जागा कमी होते, मागची काच लहान दिसते आणि गाडी मागे घेताना कॅमेऱ्यावर भिस्त वाढते. पॅनोरमिक सनरूफही डोक्यावरची जागा घेते. मोठ्या चाकांवर पातळ कडेचे टायर असतील, तर खड्ड्यांचे हादरे अधिक जाणवतात आणि टायर बदलण्याचा खर्चही वाढतो.

थारचे उदाहरण काय सांगते?

२०२० मध्ये नव्या रूपात आलेली तीन दरवाजांची महिंद्रा थार मुख्यतः तिच्या दिसण्यामुळे गाजली. मागे बसायचे तर पुढचे आसन सरकवून आत शिरावे लागते. तरीही मागणी कमी नव्हती. पण ग्राहकांना तोच थाट घरच्या सोयीसह हवा होता. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दरवाजांची थार रॉक्स आली. तिची लांबी ४४२८ मिमी, तर तीन दरवाजांच्या थारची ३९८५ मिमी. सोय मिळाली, पण एवढ्या लांबीमुळे रॉक्स कोणत्याही इंजिनासह १८ टक्क्यांच्या गटात बसत नाही. शिवाय दाटीवाटीच्या गल्लीत ती वळवणेही अवघड.

मग निवड कशी करावी?

रूपाला महत्त्व देण्यात चूक नाही. आवडलेली गाडी माणूस जपून वापरतो आणि लोकप्रिय गाडीला पुनर्विक्रीत मागणीही असते. प्रश्न क्रमाचा आहे. आधी गरजेच्या चाळणीतून गाड्या गाळाव्यात, मग उरलेल्या दोन-तीनमधून आवडेल ती घ्यावी. त्यासाठी चाचणी फेरीला घरातील ज्येष्ठांना सोबत न्यावे आणि त्यांना मागच्या आसनावर चढता-उतरता येते का ते पाहावे. घरातील सर्वांत उंच व्यक्तीला मागे बसवावे. नेहमीच्या प्रवासाच्या बॅगा डिकीत ठेवून पाहाव्यात, कारण लिटरच्या आकड्यावरून डिकीचा आकार कळत नाही. सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल तर गाडीची उंची आणि वजन त्यात बसते का, हे आधीच विचारावे. ‘भारत एनकॅप’चे सुरक्षा मानांकनही तपासावे. गाडीचा रुबाब बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो. तिची अडचण मात्र आत बसणाऱ्याला रोज सोसावी लागते.