आडनाव लपवून घेतलेलं घर

सेल्स ऑफिसात एसी असतो, पाणी येतं, कॉफी येते. काचेच्या पेटीत बारा मजली इमारतीचं मॉडेल असतं. प्रत्यक्षात जागेवर पत्र्याचं कुंपण आणि खड्डा. समोरचा पोरगा हसून विचारतो, "सर, पूर्ण नाव?" आणि आपला शिकलेला, नोकरीला लागलेला, घराण्यात पहिल्यांदा स्वतःचं घर घेणारा तरुण क्षणभर थांबतो. नाव सांगतो, वडिलांचं नाव सांगतो, आडनाव गिळतो. पुढचा प्रश्न येतो, "फॅमिली व्हेज आहे ना?" तो मान हलवतो आणि टोकनचा चेक लिहून देतो.

मित्रांनो, त्या थांबण्याबद्दल बोलायचं आहे.

काही जण म्हणतील, फ्लॅट घेणं ही खाजगी बाब, चळवळीचा काय संबंध? दुसरे म्हणतील, फ्लॅट घेणारा म्हणजे वस्ती सोडून पळालेला. दोन्ही चूक. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळीत राहिले आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून तिथे गेले. त्यांना पळपुटा म्हणणार का? चांगल्या घरात राहणं हा आपला हक्क आहे. माझं भांडण घर घेण्याशी नाही, मान खाली घालून घर घेण्याशी आहे.

नाव लपवल्याने घर टिकतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी बडोदा आठवावं. १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं. थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. ज्या मित्रांकडे आसरा मागितला, त्यांनीही हात वर केले. बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. खोट्या नावाने आसरा मिळतो तो उसना. मालकाला वाटेल तेव्हा तो काढून घेतो.

आज लाठ्या येत नाहीत, पण लपवण्याची किंमत मोजावीच लागते. माझ्या ओळखीतलं एक जोडपं आहे. तो शिक्षक, ती नर्स. पीएफ काढला, दागिने मोडले, वीस वर्षांचं कर्ज घेतलं. जितके स्लॅब पडले तितके डिमांड लेटर आले, बँकेने बिल्डरला पैसे सोडले. मग काम थांबलं. ताब्याची तारीख गेली. आता दर महिन्याला जुन्या खोलीचं भाडंही भरायचं आणि न दिसणाऱ्या घराचा हप्ताही. ग्राहकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, तक्रार करायचं ठरलं. हे दोघं गप्प. मी विचारलं, का? तो म्हणाला, "पुढे झालो तर आडनाव पुढे येईल. नंतर तिथेच राहायचंय." बिल्डरने त्यांचे पैसे अडकवले हे खरं. पण त्यांचं तोंड जातीने बंद केलं. बिल्डरला आणखी काय पाहिजे?

"आता रेरा आहे ना," असं कोणी म्हणेल. आहे, आणि तो वाचायलाच हवा. २०१६ च्या या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा लांबला तर कलम १८ खाली व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा घर ठेवून प्रत्येक महिन्याचं व्याज मागता येतं. हा परताव्याचा हक्क बिनशर्त आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या न्यूटेक प्रमोटर्स खटल्यात सांगितलं. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षं बिल्डरवर असते. यातलं किती आपल्या पोरांना माहीत आहे? ब्रोशर तोंडपाठ, करार न वाचता सही!

पण रेरा इमारतीचा नकाशा तपासतो, बिल्डरच्या डोक्यातली चाळणी तपासत नाही. जातीवरून घर नाकारणाऱ्याला शिक्षा देणारं कलम त्यात नाही. आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. ज्यांच्याकडे जमीन, त्यांनी कुंपण घालावं आणि त्याला संघटनेचं स्वातंत्र्य म्हणावं! गावकुसाला गेट बसवलं, वॉचमन ठेवला, एवढाच फरक.

मग आपल्या हातात काय? संविधान. कलम १५(२) दुकानांत जातीवरून मज्जाव करू देत नाही, आणि हे कलम फक्त सरकारवर नाही, खाजगी माणसांवरही लागू आहे. दुकान म्हणजे काय, हा प्रश्न २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत निघाला. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की, येईल त्याला सेवा द्यायला जो बसला आहे त्याची जागा म्हणजे दुकान. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच व्यापक अर्थ धरून खाजगी शिक्षणसंस्थांनाही त्यात आणलं. मग होर्डिंग लावून सगळ्या शहराला बोलावणारं बिल्डरचं सेल्स ऑफिस दुकान नाही तर काय देवघर आहे? हा मुद्दा न्यायालयात नेणं आपल्या वकिलांचं काम आहे. सोसायटीच्या बाबतीत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम २३ आहे. पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर निबंधकाकडे दाद मागता येते.

म्हणून काही गोष्टी आजपासून करू. बुकिंगआधी महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा, ताब्याची तारीख आणि चालू खटले बघा. तोंडी आश्वासन लेखी मागा. करार वस्तीतल्या वकिलाला दाखवा. व्हेज-नॉनव्हेज विचारलं तर, हा प्रश्न लेखी द्या, म्हणा. देणार नाहीत, कारण त्यांनाही ठाऊक आहे की तो प्रश्न कागदावर टिकत नाही. ग्राहकांची संघटना उभी राहिली तर तिच्यात मागे नका बसू, सचिव व्हा. कायदा वाचणारा माणूस सगळ्यांना लागतो, तेव्हा आडनाव विचारायला कुणाला सवड नसते. आणि ज्यांनी जात विचारायचीच, त्यांना ती तक्रारीच्या कागदावर तुमच्या पूर्ण नावाने कळू द्या.

आपल्या विहारांमध्ये जयंतीचा हिशोब होतो, महिन्यातून एक रविवार करार वाचायलाही ठेवा. वर्गणी काढून मंडप घालणारा समाज वर्गणी काढून एक खटलाही लढवू शकतो.

घराचा ताबा मिळाला की पहिल्या दिवशी बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आतल्या खोलीत लावू नका. दार उघडल्यावर समोर दिसेल असा हॉलमध्ये लावा. वीस वर्षांचे हप्ते आपण भरायचे आणि लपायचंही आपणच, हा व्यवहार बंद करा.

जयभीम!