धुक्यात उतरण्याचा परवाना

१७ जुलै २०२४ रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस व अजित पवार यांना घेऊन नागपूरहून गडचिरोलीकडे निघालेले हेलिकॉप्टर ढगांत सापडून काही काळ वाट चुकले. वैमानिकाच्या कौशल्याने ते सुखरूप उतरले खरे. परंतु ज्या मुलखात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि अडलेल्या बाळंतिणीला आकाशमार्गावाचून गत्यंतर उरत नाही, त्या मुलखाची सारी भिस्त एका माणसाच्या कौशल्यावर सोडणे सरकारला शोभत नाही.

शेजारच्या चंद्रपूरनजीक मोरव्याला धावपट्टी आहे, पण तेथे उतरायचे ते नजरेच्या भरवशावर. पौषातल्या पहाटे धुके व औष्णिक केंद्राचा धूर एकवटले की ती असून नसल्यासारखीच. उपकरणांच्या आधारे उतरणारा वैमानिक मात्र काट्यांवर दृष्टी खिळवून सुमारे २०० फुटांपर्यंत खाली येतो, तेथे मान वर करतो, आणि दिवे दिसले नाहीत तर तत्क्षणी पुन्हा वर चढतो. त्या उंचीवरून जमीन गाठण्यास छोट्या विमानाला जेमतेम २५ सेकंद लागतात. ‘आणखी थोडे खाली जाऊन पाहू’ हा मोह तेवढ्यात प्राण घेतो.

असे उपकरणांच्या आधारे उतरण्यासाठी धावपट्टीशेजारी महागडी यंत्रे बसवावी लागतात, ही सबब आता टिकणारी नाही. इस्रो व विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेल्या ‘गगन’ या उपग्रहप्रणालीच्या आधारे एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे इंडिगोचे एटीआर विमान उतरलेही. मोरव्याला असा उपग्रहमार्ग आखण्यासाठी हवी ती काटेकोर मोजणी, नकाशा आणि मंजुरी.

मात्र मार्ग आखला म्हणून परवाना खिरापतीसारखा वाटावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. कमी दृश्यतेत उतरण्याची विशेष मुभा अमेरिकेत छोट्या विमानाच्या वैमानिकालाही मिळू शकते, पण तिची मुदत सहा महिन्यांची असते आणि नूतनीकरणासाठी कसब पुन्हा सिद्ध करावे लागते. ही सक्ती मला अत्यंत न्याय्य वाटते, कारण न वापरलेले कसब गंजते आणि दप्तरातला कागद ते गंजणे दाखवीत नाही.

राज्य शासनाने मोरव्याच्या उपग्रहमार्गाची तजवीज तातडीने करावी, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने या जंगलमुलखात उडणाऱ्या वैमानिकांची परीक्षा कठोरपणे, वारंवार व सरकारी खर्चाने घ्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.