शिट्टीनंतरचं वाक्य

२२ एप्रिल २०२२. वानखेडेवर शेवटच्या षटकात दिल्ली कॅपिटल्सला ३६ धावा हव्या होत्या आणि रोव्हमन पॉवेलने पहिले तिन्ही चेंडू प्रेक्षकांत भिरकावले. तिसरा फुलटॉस कमरेच्या वर होता, म्हणजे नोबॉलच, असं दिल्लीच्या डगआउटचं म्हणणं. पंचांनी तो दिला नाही. कर्णधार ऋषभ पंतने फलंदाजांना परत यायची खूण केली आणि सहायक प्रशिक्षक प्रवीण आमरे थेट मैदानात शिरले.

आमरे नवखे नव्हेत. आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेले, १९९२ मध्ये डर्बनला पदार्पणाच्या कसोटीतच शतक ठोकलेले. त्या रात्रीची किंमत त्यांनी मोजली: सामन्याचं पूर्ण मानधन दंडापोटी गेलं, वर एका सामन्याची बंदी.

पंच मात्र नियम सोडून वागले नव्हते. फलंदाज बाद झालेला नसताना उंचीच्या नोबॉलसाठी तिसऱ्या पंचाकडे जायची तेव्हा मुभाच नव्हती. २०२३ पासून आयपीएलने नोबॉल आणि वाइडवरही संघाला दाद मागू दिली. रागाला रीतसर वाट मिळाली.

मॅटवरच्या कुस्तीत ती वाट आधीपासून आहे. गुण पटला नाही की प्रशिक्षक स्पंजचा ठोकळा मॅटवर फेकतो आणि चित्रफीत तपासली जाते. दावा फसला तर समोरच्या मल्लाला एक गुण. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत चितपटीच्या निर्णयावरून शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण कार्ड आणि बंदी हाती येतात ती भडका उडाल्यावर. त्याआधीचे दहा सेकंद पंचाचे असतात.

हे सेकंद सर्वांत मोलाचे ठरतात ते कॅमेरा नसलेल्या मैदानावर. डोंगराकडेच्या एखाद्या गावात कबड्डीचा सामना रंगतो तेव्हा फक्कीची रेषा चौथ्या चढाईतच पुसलेली असते. पाय लॉबीत, म्हणजे बाजूच्या पट्ट्यात, आधी गेला की टच आधी झाला, याला पुरावा एकच: पंचाचा डोळा.

प्रशिक्षक ओरडतो, ‘‘पंच, दिसत नाही का?’’ त्यावर ‘‘मला शिकवू नका’’ म्हटलं की खेळ बाजूला राहतो आणि दोन माणसांची इभ्रत मैदानात उतरते. त्याऐवजी, ‘‘सर, पाय लॉबीत आधी गेला, टच नंतर झाला. मी इथून पाहिलं. बाकी टाइम-आउटमध्ये बोलू.’’ काय पाहिलं, कुठून पाहिलं, पुढे कधी बोलता येईल, एवढंच. तेही एकदाच आणि आवाज न चढवता. प्रशिक्षकाला ते पटेलच असं नाही. पण आपलं ऐकलं गेलं, हे त्याला कळतं. स्वतःला नीट दिसलं नसेल, तर पंचाने सर्वांदेखत दुसऱ्या पंचाला विचारावं. यात कमीपणा कसला?

आणि एवढं होऊनही शिवीगाळ झाली, तर हिरवं, पिवळं, लाल कार्ड खिशात आहेच.

पंचांच्या शिबिरात नियमावलीची उजळणी होते, खुणांचा सराव होतो. त्यातला अर्धा तास अशा संवादाला द्यावा. एकाने चिडलेला प्रशिक्षक व्हावं, दुसऱ्याने शिट्टी घेऊन समोर उभं राहावं आणि तीन वाक्यांत उत्तर द्यावं. तालुका पातळीच्या शालेय स्पर्धांपासून याची सुरुवात करायला कॅमेरा लागत नाही, की वेगळा निधीही.