आधी बार आखूड धरा!

वर्कशॉपमध्ये बोअरिंग चालू झालं की एक ओळखीचा आवाज येतो, कर्रर्र! हाच तो चॅटर. बोअरच्या आत लाटा उमटतात, माप जातं आणि कोणीतरी हमखास सल्ला देतो, "बार मऊ आहे, हार्डन करून आण." हा सल्ला साफ चुकीचा आहे. हार्डनिंगने पोलादाचा कठीणपणा वाढतो, ताठपणा नाही. माइल्ड स्टील घ्या नाहीतर महागडं अलॉय स्टील, इलॅस्टिक मॉड्युलस २०० गिगापास्कलच्या आसपासच!

कँटिलीव्हरचं सूत्र पेपरात लिहून आपण मार्क मिळवतो. बोअरिंग बार म्हणजे तोच कँटिलीव्हर. बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली की तो आठपट वाकतो. उलट व्यास १६ मि.मी.चा २० केला तर ताठपणा जवळजवळ अडीचपट. म्हणून चिप बाहेर पडायला जागा ठेवून मावेल तेवढा जाड बार घ्यावा आणि लांबी गरजेपुरतीच ठेवावी. स्टीलला व्यासाच्या चौपट लांबी ही साधारण मर्यादा. त्यापुढे कार्बाईडचा बार, त्याचा मॉड्युलस सुमारे तिप्पट. आणि पकड? गोल बारवर नुसते दोन स्क्रू आवळले म्हणजे 'फिक्स्ड एंड' होत नाही. स्प्लिट बुशने तो चहूबाजूंनी धरायला हवा.

भोक आरपार असेल तर आणखी सोपं. १७७५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्सनने बार सिलिंडरच्या आरपार नेऊन दोन्ही टोकांना आधार दिला, तेव्हा कुठे वॅटच्या इंजिनाला नीट सिलिंडर मिळाला.

हे सगळं आपल्या दारातलंच आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या ट्रॉलरमध्ये प्रोपेलर शाफ्टचा बुश रेतीने झिजतो. पावसाळी मासेमारीबंदीत ट्रॉलर किनाऱ्यावर असतात. स्टर्न ट्यूबचं भोकही आरपारच! मग दोन्हीकडे आधार असलेला, जागेवर नेता येईल असा छोटा बार आपण का बनवू नये? फायनल इयरला बाहेरून तयार प्रोजेक्ट आणायचा, वर सोनेरी अक्षरांत बाइंडिंग करायचं आणि व्हायवात गप्प बसायचं, यापेक्षा ते शंभरपट बरं.

सर, एक विनंती. बोअरिंगचं प्रॅक्टिकल जर्नलमध्ये उतरवून घेण्यापेक्षा एकच बार दोन लांबींवर आम्हाला चालवायला द्या, डायल लावून वाक मोजू द्या. मग ते सूत्र होस्टेलवर रात्र जागून पाठ करावं लागणार नाही.