फ्लॅशकार्डं नकोत, वेळ द्या

गेल्या शनिवारी सांगलीला घरी गेलो होतो. मुलगी चार महिन्यांची. पुण्यातल्या मित्रांनी तिला काय दिलं असेल? फ्लॅशकार्डं! म्हणे मेंदूचा विकास होतो. आई ती बाजूला सारून नातीला मांडीवर घेऊन बसली होती. नात "आँ" म्हणाली की आजी "हो गं बाई, मग?" म्हणणार, की पुन्हा "आँ".

मी आईच्या बाजूने आहे, आणि कौतुकापोटी नव्हे. जन्मतः मेंदूत पेशी जवळजवळ सगळ्या असतात, कच्ची असते ती त्यांच्यातली जोडणी. वापरलेली जोडणी पक्की होते, न वापरलेली गळून जाते. घाबरणं आणि शांत होणं यांच्या वाटाही याच काळात पडतात. बाळ रडलं, कुणी उचलून थोपटलं, असं हजारदा घडलं की ते हळूहळू स्वतःला सावरायला शिकतं. कार्डं आणि व्हिडिओ हे काम करत नाहीत. २००९ मध्ये तर डिस्नीने 'बेबी आइनस्टाइन'च्या डीव्हीडींचे पैसे परत देऊ केले होते!

थोडक्यात, हे सॉफ्टवेअर विकत आणून टाकता येत नाही. त्याला माणूस लागतो आणि माणसाला वेळ.

आता हा वेळ मिळतो कुणाला? २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार आईची रजा १२ वरून २६ आठवडे झाली, ५० कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. छान. पण त्यात बापाला एक दिवसही नाही. मी आठवडाभर सुटी मागितली तर साहेब हसून म्हणाले, "बाळंतपण तुझं आहे का?"

असो, माझं निभलं. रविवारी गावाबाहेर ऊसतोड चालू होती. बीडकडून आलेल्या टोळीतली एक बाई मोळ्या बांधत होती. तान्हं बाळ बांधावर साडीच्या झोळीत, झोका द्यायला पाच-सहा वर्षांची बहीण. उचल आधीच घेतलेली, एक दिवस चुकला की खाडा. कसले २६ आठवडे! तेही बाळ "आँ" म्हणत असणारच. उत्तर कोण देणार?

आपल्या चहातली साखर तिथूनच येते. म्हणून दोन गोष्टी करा. ऑफिसात बापाची रजा मागा, लोक हसले तरी. आणि फडावर पाळणाघर का नाही, हे साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत कुणालातरी विचारायला लावा. माझे काका सभासद आहेत, मी त्यांच्या मागे लागलोय. सांगली-साताऱ्याकडचे असाल तर तुमच्याही घरात एखादा सभासद असेलच की!